शेख सरांचा झेनॉन

शेख सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी पुण्यात प्रयोगशाळेत होते. हातमोजे काढले आणि तशीच बसून राहिले... त्याला आता दीड महिना होतोय. रडणं सरलं, उरलाय तो अभिमान.

बीड जिल्ह्यातल्या आमच्या कडा गावच्या शाळेत ते आम्हाला विज्ञान शिकवत. दहावीच्या सराव परीक्षेत त्यांनी विचारलं होतं, निष्क्रिय वायूंची संयुगे होत नाहीत, चूक की बरोबर? भावाच्या बारावीच्या पुस्तकात मी वेगळंच वाचलं होतं. लिहिलं, 'चूक'. सरांनी लाल फुली मारली. वडील साखर कारखान्यात फिटर; सरांशी वाद घालायची आमच्या घरची रीत नव्हती. तरी उभी राहिले.

"सर, झेनॉनचं संयुग होतं."

"कोन म्हनलं?" सरांचा आवाज चढला. "वीस वर्सं शिकवतोय मी. बस खाली."

दुसऱ्या दिवशी सर शाळेत आलेच नाहीत. तिसऱ्या दिवशी आले ते थेट फळ्यापाशी. मांजरसुंब्याला गाडी बदलून ते बीडला, कॉलेजात शिकवणाऱ्या मित्राकडे जाऊन आले होते. "पोरांनो, मी चुकलो. ही पोरगी बरोबर हाय." मग त्यांनी समजावलं. झेनॉनचा अणू मोठा, बाहेरचे इलेक्ट्रॉन केंद्रापासून लांब, त्यांच्यावरची पकड सैल. फ्लोरीन मोठा हावरा. तो ते स्वतःकडे ओढतो आणि संयुग तयार होतं. वर्गाने टाळ्या वाजवल्या. गुण माझा वाढला, पण जास्त खुशीत सरच होते.

त्या दिवसानेच मला रसायनशास्त्राकडे वळवलं. पुढे पुण्यात आम्ही झेनॉन आणि फ्लोरीन कोरड्या काचपात्रात भरून उन्हात ठेवले, आणि काचेवर लखलखीत स्फटिक जमले! पहिला फोन सरांना केला.

"निसत्या उन्हात?" ते ओरडलेच. "आन झेनॉन आनला कुठून?"

"हवेतूनच काढतात, सर. कोटभर कणांत जेमतेम एक."

"म्हंजे कड्याच्या हवेत बी हाय! आन ऊन तर आपल्याकडं लई हाय!"

तेव्हापासून हा धडा आला, की सर दरवर्षी अख्खा वर्ग मैदानावर न्यायचे. छाती भरून श्वास घ्यायला लावायचे. "गेला झेनॉन आत. तो काई करनार न्हाई तुमाला, पर त्याला कमी समजू नका."

मागच्या आठवड्यात शाळेत गेले, तर नव्या बाई वर्ग घेऊन भर उन्हात उभ्या. पोरं गाल फुगवून श्वास धरून. एका मुलीने तो मधेच सोडला. "मॅडम, मग हेलियमचं कावून न्हाई होत?"

बाई मोकळं हसल्या.

"मला बी माहीत न्हाई गं. बघून उद्या सांगते."