शेवंतीच्या पुढे मी

शेवंती माझ्या मागे लागली नव्हती. ती फक्त मी जात होतो त्याच दिशेने येत होती, असं देवयानीताईंचं मत आहे. शेवंती ही घोडी. देवयानीताई फिजिओथेरपिस्ट. आणि मी सदाशिव पेठेतला निवृत्त भूगोल शिक्षक!

लोणी काळभोरच्या पुढे एक केंद्र आहे. हातापायांना ताठरपणा असलेल्या, बोलायला बुजणाऱ्या मुलांना तिथे घोड्यावर बसवून व्यायाम देतात. माझी बायको सुनंदा दर रविवारी तिथे मदतीला जाते. मी गाडी चालवायचो आणि सावलीत पेपर वाचायचो. (हीही सेवाच आहे. सुनंदाला पटत नाही.)

त्या रविवारी घोडी धरणारे मामा भाच्याच्या लग्नाला गेले होते.

"काका, आज दोरी तुम्ही धराल का?" देवयानीताईंनी विचारलं. "शेवंती अगदी गरीब आहे."

"ह्यांना जमेल?" सुनंदा म्हणाली.

"माथेरानला घोड्यावर बसलोय मी!" मी म्हणालो.

"फोटोपुरते," सुनंदा म्हणाली.

आता मागे हटणं शक्य नव्हतं. घोडीशी आधीच मैत्री असावी म्हणून मी केंद्राच्या स्वयंपाकघरातून चार गाजरं घेतली आणि पँटच्या मागच्या खिशात कोंबली. गाजर व्यायाम संपल्यावरच द्यायचं असतं, हा नियम मला कुणी सांगितला नव्हता. (भिंतीवर लिहिलेला होता. पण मी पेपर वाचत असे.)

सईला घोडीवर बसवलं. सई नऊ वर्षांची. घरी खूप बोलते म्हणे, पण घराबाहेर तोंडातून शब्द नाही. घोडीला नुसतं 'चल' म्हणावं, म्हणून देवयानीताई तीन महिने मागे लागल्या होत्या. तिची आई कुंपणाला टेकून दर रविवारी वाट बघायची. सईच्या एका बाजूला सुनंदा, दुसऱ्या बाजूला देवयानीताई, पुढे दोरी धरून मी. पहिली फेरी झकास झाली. मी मान ताठ केली.

दुसऱ्या फेरीत माझ्या पाठीमागे, पाठीच्या बरंच खाली, काहीतरी उबदार आणि ओलसर लागलं.

"सुनंदा, ही हुंगतेय!"

"हुंगू दे. चालत राहा."

मग खिसा ओढला गेला. मी दोरी सोडली आणि धूम ठोकली! गाजरं पुढे चालली म्हणताना शेवंतीही निघाली. तिची चाल काही फार नव्हती, भरभर चालणंच म्हणा. दोन्ही बाजूंनी सुनंदा आणि देवयानीताई सईला घट्ट धरून बरोबर पळत होत्या.

"काका, पळू नका! उभे राहा!"

"अहो, गाजरं टाका!"

मी टोपी टाकली. रुमाल टाकला. चष्म्याचं घर टाकलं. गाजरं सोडून सगळं टाकलं!

"थांब!"

आवाज बारीक, पण खणखणीत. शेवंती जागच्या जागी उभी राहिली. मी मात्र नाही. मी थेट लिदीच्या ढिगात जाऊन थांबलो, तोही ढिगाच्या मर्जीने.

मान वर केली तर माझ्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. सईची आई कुंपणापलीकडे तोंडावर पदर धरून रडत होती, मग हसत होती. सुनंदाचे डोळे भरले होते. देवयानीताई सईचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "शाब्बास! किती छान सांगितलंस घोडीला!"

सईने मान हलवली.

"घोडीला नाही. आजोबांना."

मग सगळेच हसायला लागले, आणि ढिगात बसल्या बसल्या मीही. खरं सांगतो, छत्तीस वर्षं वर्गात शिकवूनही एखाद्या मुलीचं बोलणं ऐकून इतका आनंद मला झाला नव्हता. फक्त एक गोष्ट जरा लागली: हुकूम मला होता आणि पाळला घोडीने.

घरी येताना सुनंदाने मला मागच्या सीटवर वर्तमानपत्र अंथरून बसवलं आणि गाडी स्वतः चालवली.

आता मामा नसले की दोरी सुनंदा धरते. मला कुंपणाबाहेर नेमलेलं आहे. सई प्रत्येक फेरीला माझ्यासमोरून जाताना बोट रोखून मोठ्याने सांगते, "आजोबा, थांबा!"

मी उभाच असतो. तरीही तिच्या शब्दाखातर आणखी थोडा थांबतो.