अण्णांचा तोफखाना

लक्ष्मीपूजनाला कॉलनीतली मुलं सुतळी बॉम्ब लावतात आणि दारूचा जळका वास खिडकीतून घरात येतो. तो आला की मी पुन्हा बारावी झालेला पोरगा होतो आणि नाशिकच्या भरतीच्या मैदानावर अण्णांच्या शेजारी उभा राहतो.

मला नेव्हीत जायचं होतं. चांदवडच्या पोराला समुद्राचं एवढं काय, ते मलाही सांगता आलं नसतं. पण त्या परीक्षेसाठी मी वर्षभर अभ्यास केला होता. अण्णा, म्हणजे माझे वडील, तोफखान्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. तोफखान्यात जवानांच्या मुलांची भरती निघाली, तसे ते मला पहिल्या एसटीनं घेऊन आले. मी नुकताच धावून आलो होतो. घशात धूळ होती, बनियन पाठीला चिकटलं होतं. टेबलामागच्या सुभेदारांनी विचारलं, "काय रे, स्वतःच्या मर्जीनं आलास ना?"

मी तोंड उघडायच्या आत अण्णा म्हणाले, "त्याला काय इचारता साहेब? आमच्या घरात तोफखानाच हाय."

सुभेदार हसले. मीही हसलो. बापाला आपला केवढा अभिमान, असं तेव्हा वाटलं. आज कळतं, त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलंसुद्धा नव्हतं.

नोकरीभर तोफांजवळ राहून माझा डावा कान गेला. अण्णा आता थकलेत, पण आल्यागेल्याला अजून सांगतात, "पोरानं माझं नाव राखलं." ते बोलू लागले की मी जागा बदलतो आणि डावा कान त्यांच्याकडे करून बसतो.