आईच्या तोंडी घातलेलं वाक्य

“बूट काढ. अनवाणी पळ. तिकडच्या लोकांना तेच बघायचं असतं.”

हे आम्हाला फुटबॉल शिकवणाऱ्या संस्थेचे सर म्हणाले. आमच्या शेलार गावच्या मैदानात, सगळ्या टीमसमोर. मी तेव्हा चौदा वर्षांची. बूट आईने घेऊन दिलेले, कोरे करकरीत. मी काढले. संस्थेला परदेशातून मदत देणारी मंडळी आमच्या गावातल्या मुलींच्या फुटबॉलवर माहितीपट काढत होती. त्यांना माझे पाय हवे होते, बूट नको होते. खडीवरून तीनदा पळवलं. तिसऱ्यांदा टाच फाटली, तर कॅमेरावाला खूश झाला. दुखलं का, ते आठवत नाही.

मग ते आईकडे गेले. आई पॉवरलूमच्या कारखान्यात कांडी भरायची. म्हणजे लूमवर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यातल्या कांडीवर सूत भरायचं, अख्खी शिफ्ट. आत एवढा खटखटाट की माणसाचा आवाज ऐकूच येत नाही. म्हणून तिथली माणसं ओठांवरून बोलणं ओळखतात. लहानपणापासून मी आईचा डबा घेऊन जायचे, त्यामुळे मलाही येतं. बाहेरच्यांना वाटतं, या बायका मुक्याने काम करतात. मुक्या कसल्या? सगळ्या गावाची उणीदुणी तिथेच निघतात.

कॅमेरा लावून त्यांनी आईला सांगितलं, पोरीशी बोला काहीतरी. ती कामावरून न उठता माझ्याकडे बघून बोलली. झालं.

काही महिन्यांनी भिवंडीत एका हॉलमध्ये सिनेमा दाखवला. पाहुणे पुढे, आम्ही मागे. आई ठेवणीतली साडी नेसून आलेली. पडद्यावर ती दिसली. आवाज फक्त लूमचा. खाली इंग्रजीत ओळ आली. ‘पुढच्या वर्षी हिचं लग्न लावून टाकते. खेळून काय करायचंय?’

तेवढं इंग्रजी मला शाळेत शिकून येत होतं. आणि आईचे ओठ मला इंग्रजीपेक्षा चांगले वाचता येत होते. ती म्हणत होती, “केस घट्ट बांध गो. डोल्यात जातील, मंग बॉल दिसायचा न्हाय.”

लग्न हा शब्दच तिच्या ओठांवर नव्हता. आमच्या घरातही नव्हता.

पुढे बसलेले पाहुणे हळहळले. एका बाईने मागे वळून आईकडे असं बघितलं, की जणू तिने कुणाचा गळा दाबलाय. आईने तिला हात जोडले. मग मला विचारलं, खाली काय लिहिलंय.

“तुझं कौतुक लिवलंय,” मी म्हणाले.

ती हसली. मला रडू आलं नाही. राग आला नाही. काहीच आलं नाही.

आठ वर्षं हे असंच. त्याच संस्थेत मी कोच झाले. त्यांचा टी-शर्ट घातला. येईल त्या पाहुण्याला तोच सिनेमा दाखवला आणि ती ओळ यायच्या आधी बाहेर जाऊन उभी राहिले. भित्री होते. दुसरं कारण नाही.

मागच्या महिन्यात नवे पाहुणे आले. सरांनी माझ्या हातात इंग्रजी भाषणाचा कागद ठेवला. तीच ओळ, आता माझ्या तोंडून. आईलाही स्टेजवर बसवलेलं. भाषणाच्या शेवटी, मी तिला माफ केलं असं म्हणून मिठी मारायची होती.

मी. आईला. माफ.

मी सरांना म्हणाले, “हे खोटं आहे. मी बोलणार नाही.”

सर हसऱ्या चेहऱ्याने पुटपुटले, “संस्थेमुळे तू इथवर आलीस. विसरू नकोस.”

मी माईक घेतला. मोडक्यातोडक्या इंग्रजीत पाहुण्यांना सांगितलं, माझं लग्न लावून टाकते असं माझी आई कधीच म्हणाली नाही, सिनेमात खोटं लिहिलंय. मग तेच मराठीत सांगितलं, आईसाठी. पाहुणे चुळबुळले. सरांनी घाईघाईने चहा मागवला.

येताना रिक्षात, घराजवळ आल्यावर आई म्हणाली, “तुला तवाच ठावं व्हतं?”

“हो.”

“आठ वर्सं लोक मला तशी आई समजत व्हते. आन् तू गप ऱ्हायलीस.”

अजून ती माझ्याशी धड बोलत नाही. तिचं काही चुकलेलं नाही.

कोचची नोकरी गेली. मुली मात्र येतात, मी शिकवते. मैदान गावाचं आहे, संस्थेचं नाही. सिनेमा अजूनही तिकडे परदेशात दाखवतात. त्याच्या शेवटी मदत देणाऱ्यांची नावं येतात. त्या प्रत्येकाला मी पत्र लिहितेय. ती ओळ काढा. आईची लेखी माफी मागा, मराठीत. ती चौथी शिकलीय, तिला वाचता येतं. परवा सरांचा निरोप आला, मिटवून टाकू, परत ये. मी गेले नाही. माफीचा कागद आईच्या हातात पडेपर्यंत या मैदानात मी कुणालाही कॅमेरा उघडू देणार नाही.