न मोजलेला पिवळा दिवा

शिरूर कासार तालुक्यातल्या एका घरातली तीन माणसं सोडली, तर ही गोष्ट मी कुणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशीही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण एकदा तोंडातून निघाल्यावर ती आता पोटात राहायला तयार नाही. आणि खरं सांगू? सांगताना बरं वाटतंय. फार बरं वाटतंय.

मी बीडला गणित शिकवतो. अठ्ठावीस वर्षं झाली. दोन मिनिटं उशिरा आलेल्या पोराला दाराबाहेर उभं करणारा, अर्धा मार्कही वाढवून न देणारा — असा माझा लौकिक. लोक मला शिस्तीचे सर म्हणतात आणि मला ते आवडतं. नको तितकं आवडतं. सगळी गोम तिथंच आहे.

आमच्या चौकातल्या सिग्नलवर कॅमेरे बसले, तेव्हा लाल दिवा तोडणाऱ्यांचे फोटो तपासायला एका कंपनीनं काही मुली नेमून एका खोलीत बसवल्या. त्यांत मनीषा होती — माझी जुनी विद्यार्थिनी. तिचे आईवडील दर हंगामाला ऊसतोडीला जायचे. पोरीचा पगार सुरू झाला आणि त्यांनी मुकादमाकडून आगाऊ पैशांची उचल घेणं थांबवलं. दोन हंगाम ती दोघं घरी राहिली. आईची कंबर गेलेली, तिला जरा आराम मिळाला. हे सगळं मला माहीत होतं का? होतं. पेढे घेऊन तीच सांगायला आली होती.

मग एके दुपारी तिचा फोन आला. मी शिक्षकांच्या खोलीत वह्या तपासत बसलो होतो. "सर, तुमच्या गाडीचे तीन फोटो आलेत लाल दिव्याचे. दंड भरून टाका, उगं वाढत जाईल." किती आदबीनं बोलली होती! मी म्हणालो, गाडी मेहुण्यानं नेली असेल. त्यावर ती हसली. "सर, फोटोत तुमीच हाईत की."

त्या हसण्यात काही वाकडं नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण माझ्या अंगाचा तिळपापड झाला. जिला मी एकेकाळी वर्गाच्या दाराबाहेर उभं केलं, ती मला पकडते? आणि वर हसते? दंडाचं काय, तो एका पगारात भरून झाला असता. मला सलत होतं ते एवढंच — ती रोज त्या खोलीत बसते आणि तिला माहीत आहे.

त्यानंतर पंधरा दिवसांत मी कॅमेऱ्यांविरुद्ध निवेदन लिहिलं. रिक्षावाले, गाड्यांवर फळं विकणारे, दुकानदार — दंडानं सगळेच वैतागलेले, सह्यांना काय तोटा? चौकात धरणं धरलं. तिथं माइक हातात आल्यावर मी म्हणालो की पिवळा दिवा मुद्दाम कमी वेळ ठेवलाय, गरिबाला दंडात अडकवायला. मी स्वतः उभं राहून घड्याळ लावून मोजलंय. टाळ्यांचा कडकडाट झाला.

मी मोजलं नव्हतं. एकदाही नाही. आणि गणिताच्या सरांनी मोजलंय म्हटल्यावर दुसरं कोण मोजणार?

कॅमेरे बंद झाले. ज्यांनी दंड भरले नव्हते त्यांचे माफ झाले — माझेही. ज्यांनी गुमान भरले होते, त्यांना दमडी परत मिळाली नाही. कंपनीनं सामान उचललं, मुली घरी बसल्या. मला शाल-श्रीफळ मिळालं. दिवाळीनंतर वर्गातल्या एका मुलीनं सहज सांगितलं की मनीषाच्या घरच्यांनी पुन्हा उचल घेतलीय, आणि या खेपेला आईच्या जागी मनीषाच वडिलांबरोबर कोयता घेऊन गेलीय. मी काय केलं? फळ्याकडं वळलो आणि पुढचं गणित सोडवायला घेतलं.

अशी दोन वर्षं गेली. या उन्हाळ्यात तिच्या गावात एका विद्यार्थ्याचं लग्न होतं. मांडवात तिनंच मला ओळखलं, पाया पडली, चहाला घरी घेऊन गेली. मी ओसरीवर बसलो, कप हातात घेतला, आणि ती म्हणाली, "सर, काम गेलं त्ये बरंच झालं. आपण त्या खोलीत बसून गरिबाला लुटत व्हतो, ह्ये मला तुमचं भाषण ऐकल्यावरच कळलं. लई वाईट वाटतं अजून."

तिला वाईट वाटत होतं! तिचं काम मी घालवलं, ते होतंच. पण दोन वर्षं उसाच्या फडात ती माझी थाप खरी मानून स्वतःलाच दोषी धरत होती. कप खाली ठेवला आणि सांगून टाकलं. सगळं. पण कसं? उन्हाचा कडाका होता, शाळेची घाई होती, लोकांनीच आग्रह केला, तसा मी काही वाईट माणूस नाही — असं बरंच काही मध्ये घालत. कपाळावरचा घाम पुसत.

तिनं माझ्याकडं बघितलं नाही. मग उठली आणि मागच्या अंगणाकडं तोंड करून तिनं हाक मारली, "बापू, इकडं या. आयलाबी आना. सर काय सांगायलेत, त्ये ऐका."

दोघं आली. म्हातारी भिंतीला धरून खाली बसली, बापू उभेच राहिले. मनीषा म्हणाली, "सांगा सर."

दुसऱ्यांदा सांगायला फार वेळ लागला नाही. मी म्हणालो, "लाल दिवा मी तोडला. तुमच्या पोरीनं मला बरोबर पकडलं. पिवळा दिवा मी कधीच मोजला नव्हता. खोटं बोलून मी तिचं काम घालवलं."