चष्म्याची डबी

आमच्या मनीषनगरातल्या शेजारी राहणाऱ्या, चर्चच्या पाळकसाहेबांइतकी उपदेशाची सुरेख सुरुवात करणारा माणूस अख्ख्या नागपुरात नसेल, आणि शेवट करण्यात त्यांच्याइतका कच्चा माणूसही दुसरा सापडायचा नाही. सोमवारी सकाळी शास्त्रपाठांच्या छापील यादीत येत्या रविवारचा उतारा बघायचा आणि मग आठवडाभर भेटेल त्याला त्यावर छळायचं, ही त्यांची तयारी. हरवलेल्या मेंढराचा उतारा आला, तेव्हा त्यांनी भाजीवाल्या मावशींना विचारलं, शंभरातलं एक मेंढरू हरवलं तर शोधायला जाल का? "अन् बाकीचे नव्व्याण्णव कोणाच्या भरोशावर सोडू, साहेब?" मावशी म्हणाल्या. झालं! कोथिंबीर तिथेच राहिली आणि साहेब दोन दिवस धड जेवले नाहीत. चर्चशी माझा संबंध नाताळच्या केकपुरता, तरी दर शुक्रवारी चहाला बोलावून ते मला अर्धा उपदेश ऐकवत. "तुमाले समजलं तर मंडळीले समजतेच, भाऊ," असं म्हणत. मी ते कौतुक समजत असे.

अर्धाच ऐकवत, कारण कागदावर शेवट नसायचाच. शेवट साहेबांच्या बायकोकडे, म्हणजे वहिनींकडे असे. त्या चर्चमध्ये दुसऱ्या बाकावर बसत, आणि आता पुरे असं वाटलं की चष्म्याची पत्र्याची डबी टक्कन मिटत. साहेब वाक्य आहे तिथे सोडून "आमेन" म्हणत. एकदा साहेबांनी कुरकुर केली की मुद्दा राहून गेला. वहिनी पोळी लाटता लाटता म्हणाल्या, "मुद्दा केव्हाचाच झाला होता. तुमी उगाच बोलून राहिले होते."

गेल्या दिवाळीनंतर वहिनी गेल्या. तेव्हापासून साहेबांचा उपदेश दीड-दीड तास चालू लागला. शेवटाशी यायचे, दुसऱ्या बाकाकडे बघायचे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे. लेकरं भुकेने रडायची, म्हातारे अवघडून जायचे. शेवटी मंडळीचे सचिव घरी आले आणि हळूच म्हणाले, "साहेब, आणखी एक रविवार पाहू. नाही जमलं तर आता आराम करा." उपदेश गेला तर या माणसाकडे सोमवार कशासाठी उरणार? मला फार वाईट वाटलं. शनिवारी साहेब वहिनींची डबी घेऊन आमच्याकडे आले आणि त्यांनी ती माझ्या हातात ठेवली. "उद्या येता का, भाऊ? मले कोणी थांबवत नाही."

मी दुसऱ्या बाकावर जाऊन बसलो. तीन वर्षांनी तोच मेंढराचा उतारा फिरून आला होता. साहेबांनी मावशींचा प्रश्न सांगितला, मंडळी हसली. मग म्हणाले, "ज्याचं हरवलं, त्याला ते नव्व्याण्णव दिसतच नाहीत."

शेवट इथेच होता. मलासुद्धा कळलं. मी डबी उघडली, तर आत वहिनींचा चष्मा तसाच. माझा हात चालेना. साहेब पुढे बोलू लागले, अडखळले, थांबले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "वाजवा, भाऊ."

मी डबी मिटली. साहेब "आमेन" म्हणाले आणि तिथेच खुर्चीत बसून रडले.

साहेबांचा सोमवार वाचला. आता दर रविवारी डबी घेऊन मी त्या बाकावर असतो. वेळ चुकू देत नाही, पण वहिनींइतकी लवकर काही मला ती मिटवत नाही.