नामदेवभाऊंचा अंगठा

आमच्या वर्कशॉपमधून पेन कमी निघतात आणि किस्से जास्त! त्याला इलाज नाही. एका फाउंटन पेनला सहा-सहा महिने लागतात. लाकूड कातायचं, त्यावर जपानमधल्या एका झाडाच्या चिकाचं रोगण चढवायचं, एक हात वाळला की दुसरा, असे वीस-पंचवीस हात. मधल्या वेळात माणसं काय करणार? बोलणार, भांडणार, नाहीतर काहीतरी उपद्व्याप करणार. आम्ही तिन्ही करतो.

आम्ही म्हणजे मी आणि नामदेवभाऊ. भाऊ माजरीच्या कोळसा खाणीतून रिटायर झालेले टर्नर. लेथवर त्यांच्या हाताला तोड नाही. आणि त्यांच्या बायको शांताबाई. त्या दुपारी डबा घेऊन येतात आणि संध्याकाळपर्यंत आमच्या चुका काढतात. पगार घेत नाहीत, एवढंच.

*

या रोगणाची गंमत अशी, की ते उन्हात वाळत नाही. त्याला दमट हवा लागते! आता भद्रावतीच्या मे महिन्यात दमट हवा आणायची कुठून? म्हणून पेनांसाठी एक लाकडी कपाट केलं, आत ओली गोणपाटं लावली आणि त्या खोलीत मोठा कूलर बसवला. आमच्या खोलीत नुसता पंखा.

एका दुपारी शांताबाई दिसेनात. शोधलं, तर बाई कपाटाचं दार उघडून, समोर खुर्ची टाकून, डोकं आत घालून बसलेल्या!

"बाई, धूळ जाईल ना आत!" मी ओरडले.

"जाऊ दे. माणसं उकडून मरून राह्यली अन् लाकडाच्या कांड्या कूलरमंदी! कोन्या देशाचा न्याय हाय हा?"

त्या दिवशी दोन पेनांना धूळ चिकटली. बाईंना मात्र छान झोप लागली होती.

*

आता खरी भानगड. गेल्या नोव्हेंबरात भाऊ पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला बँकेत गेले. मशीनवर अंगठा ठेवायचा, मशीन म्हणणार हा माणूस जिवंत आहे, झालं काम. भाऊंनी अंगठा ठेवला. मशीन नाही म्हणालं. उजवा, डावा, थुंकी लावून, शर्टाला पुसून... नाहीच!

कारण आमच्याच कामात होतं. पेनला शेवटची चमक येते ती उघड्या अंगठ्याने. तेलात बारीक पूड कालवायची आणि घासत बसायचं, तासन्‌तास. पाच वर्षं घासून घासून भाऊंच्या अंगठ्यावरच्या रेषाच गेल्या होत्या. पेनासारखा गुळगुळीत अंगठा!

बँकेतला पोरगेला क्लार्क म्हणाला, "भाऊ, मशीनच्या हिशोबानं तुमी नाई आहात."

"मंग तेरवीले ये," भाऊ म्हणाले. "बुंदी हाय."

विनोद ठीक होता, पण महिनाअखेरपर्यंत दाखला गेला नाही तर पेन्शन बंद होणार होती. क्लार्कने उपाय सांगितला. तीन आठवडे अंगठ्याला आराम द्या, रेषा परत येतील.

मला खरंच फार वाईट वाटलं. माझ्या पेनांपायी माणसाचा अंगठा गेला! मी भाऊंना पॉलिशला हात लावायची बंदी केली. शांताबाईंनी अंगठ्यावर कापूस ठेवून हे जाड फडकं बांधलं.

*

धक्का लागू नये म्हणून भाऊ तो अंगठा वर करून फिरायचे. चौकात पाच मिनिटं उभे राहिले तर तीन ऑटो आणि एक काळीपिवळी येऊन थांबली. शेवटी एसटीसुद्धा थांबली!

कंडक्टर म्हणाला, "चला काका, लवकर."

"कुठी?"

"गाडी थांबवली कोनं?"

"मी तं उभा होतो बाप्पा!"

कंडक्टर जे काही बोलला ते शेजारीच उभ्या असलेल्या शांताबाईंनी मला जसंच्या तसं ऐकवलं. इथे लिहिता येत नाही.

*

रिकामे बसून भाऊ चिडचिड करायला लागले, म्हणून मी त्यांना आलापल्लीला लाकूड आणायला पाठवलं. येताना नाक्यावर वनरक्षकाने पिशवी उघडली. आत काळेभोर तुकडे.

"कायचं लाकूड हाय?"

"तेंदूचा गाभा. हे पावती. पेन बनवतो आमी."

"तेंदूचा पत्ता नेते लोक बिडीसाठी. पेन कोन बनवते? सही करा रजिस्टरवर."

सही कशी करणार? भाऊंनी फडकं दाखवलं आणि खिशातला स्वतः केलेला पेन त्याच्याच हातात दिला. "तुमीच लिहा साहेब, मी डाव्या हातानं गिरवतो."

त्याने भाऊंचं नाव लिहिलं. थांबला. मग आपलं नाव लिहिलं. परत लिहिलं. मागून एक ट्रॅक्टर आला, त्याची नोंद वळणदार अक्षरात केली. सायकलवाला आला, त्याचीही केली. शेवटी एक म्हातारा दोन बकऱ्या घेऊन चालला होता, त्याला हाक मारून थांबवलं आणि बकऱ्यांचे रंग विचारले!

भाऊंची बस गेली. पेन तासाभराने परत मिळाला.

*

त्याच महिन्यात पुण्याचे एक गिऱ्हाईक आपला पेन कुठवर आला ते बघायला आले. भाऊ म्हणाले, "वल्लं हाय, बोट लावू नोका. बिब्याच्याच खानदानातला चीक हाय, अंगावर उततो."

"मी वीस वर्षं पेन जमवतोय," असं म्हणून त्यांनी बोट लावलं. मग तेच बोट नाकाला, कानाला, भुवईला.

दोन दिवसांनी व्हिडिओ कॉल आला. मी ओळखलंच नाही! भाऊंनी मात्र लगेच ओळखलं. "तीळ अन् खोबरं वाटून लावा," ते म्हणाले. "अन् आता नाकाले खाजवू नोका."

*

त्याच पेनाचं पॉलिश बाकी होतं. मी घासायला बसले, भाऊ बाजूला हात मागे बांधून.

"हे चमक हाय का? हे तं गंज घासल्यावानी झालं!"

"मग काय करू?"

"मीच करतो."

"खबरदार!"

मी चहा ठेवायला आत गेले. परत येऊन बघते तर भाऊ खुर्चीत, पाय तेलाने माखलेला, आणि एक रिजेक्ट टोपण पायाच्या अंगठ्याने घासून राहिलेत! चमक आलीसुद्धा होती, काय सांगू.

पण मागे डबा घेऊन शांताबाई उभ्या होत्या. "सरस्वतीले पाय लावता? लाज नाई वाटत?"

भाऊ निमूटपणे टोपण पाटावर ठेवून त्याच्या पाया पडले. मी गिऱ्हाइकाला कळवलं, वेळ लागेल.

*

महिन्याच्या शेवटच्या दिवशी आम्ही तिघं बँकेत गेलो. फडकं सोडलं. अंगठा ठेवला. मशीन नाही म्हणालं. पुन्हा ठेवला. नाही.

क्लार्क म्हणाला, "घाबरू नका. याच हप्त्यात सुरू झालं, फोनवर चेहरा दाखवूनबी होते. फक्त डोळे मिचकवा."

भाऊंनी फोनकडे पाहिलं. पण चाळीस वर्षं लेथवर काढलेला माणूस! फिरत्या लेथसमोर पापणी पाडायची नाही, हे अंगात मुरलेलं. फोन समोर आला की डोळे सताड उघडे.

"मिचकवा, भाऊ!"

"मिचकवतोच हाय ना!"

पापणी ढिम्म. एकदा फेल, दोनदा फेल, पाचदा फेल. मागची रांग ओरडायला लागली, मिचकवा! मिचकवा! भाऊ आणखीच ताठ झाले. क्लार्कने घड्याळाकडे पाहिलं. बँक बंद व्हायला दहा मिनिटं होती.

शांताबाई बाकावरून उठल्या, काउंटरवर आल्या आणि हात पुढे करून शांतपणे म्हणाल्या, "साहेब, हे मेलेच समजा. माह्या नावानं फॅमिली पेन्शनचा फॉर्म द्या."

भाऊंनी लागोपाठ तीनदा डोळे मिचकावले. फोन टिंग वाजला.

"झालं!" क्लार्क ओरडला. सगळ्या रांगेने टाळ्या वाजवल्या.

शांताबाईंनी हात मागे घेतला नाही. म्हणाल्या, "फॉर्म मात्र द्याच. पुढच्या सालीबी लागन."