वीतभर लांबचा मोबाईल

माणसाचं भलं करता करता त्याला जीव नकोसा करावा, तर तो आमच्या अहेरीच्या घरमालकांनीच. त्यांच्याइतका राग मला आजवर कोणाचाच आलेला नाही, आणि त्यांच्याइतकी माझी काळजीही कोणी केली नाही, हा आणखी वेगळा वैताग.

आलापल्लीच्या लाकूड डेपोत त्यांनी उभी हयात सागाचा घेर मोजण्यात घालवली. निवृत्त झाले, टेप मात्र खिशातच राहिली. त्याच सुमारास गावात मोबाईल आले आणि मोबाईलच्या लहरी डोक्यात शिरतात असं त्यांनी कुठल्याशा पेपरात वाचलं. झालं! मी मोबाईल कानाला लावला की हे टेप काढून हजर. "मास्तर, वीतभर दूर धरा!" शर्टाच्या खिशात मोबाईल दिसला की स्वतःच्या हातानं काढून खुंटीला टांगायचे. रेंज यायची ती फक्त त्यांच्या गच्चीवर, टाकीच्या कोपऱ्यात. तिथे त्यांनी ओंडक्यांवर नंबर घालायच्या रंगानं दोन रेघा ओढल्या, एकीवर माणूस, दुसरीवर मोबाईल. बोलायचं ते स्पीकर लावून, ओरडून. "रेंज कमी असली का मोबाईल जास्त जोर लावते, अन् तो जोर तुमच्या डोक्याले," असं ते म्हणायचे. हे खोटं नव्हतं, म्हणून तर जास्त चीड यायची. माझी बदली रद्द झाल्याची बातमी माझ्या बायकोआधी गल्लीला कळली होती.

माझी मुलगी नागपूरला हॉस्टेलात होती. दर रविवारी तिचा फोन यायचा. एकदा ती रडतच म्हणाली, "बाबा, मी नापास झाली. मले इथी नाई राहायचं." गच्चीवर मिरच्या वाळवणाऱ्या बायकांचे हात थांबले. सोमवारी किराणा दुकानदारानं मला धीर दिला. हे गावातल्या मैत्रिणीकडून मुलीच्या कानावर गेलं आणि तिचा फोन बंद झाला. मी केला तर उचलायची नाही. असे तीन रविवार गेले.

चौथ्या रविवारी मी त्यांना जिन्यातच गाठलं. "भाऊ, तुमच्या लहरींपायी माही पोरगी बोलेना मले! मोबाईलनं कोणाले काय झालं? एक माणूस दाखवा!"

ते टेप गुंडाळत राहिले. "आमच्या बाईच्या डोक्यात गाठ झाली होती," ते म्हणाले. "तिनं तं मोबाईल पाह्यलाबी नाई. काऊन झाली, डॉक्टरले विचारलं. त्याले माहीत नाई. कोणालेच माहीत नाई. मंग जे टाळता येते ते तं टाळू."

पाच वर्षं मी त्यांच्या घरात राहत होतो आणि त्यांची बायको कशानं गेली हे मला ठाऊक नव्हतं. राग होताच, पण तो आता कोणावर काढायचा ते कळेना.

पुढच्या रविवारी मोबाईल वाजला. "बाबा, गच्चीवर कोणी आहे का?" तिनं आधी विचारलं. कोणी नव्हतं. मिरच्याही नव्हत्या. "घरमालक काकाचं पोस्टकार्ड आलं मले. लिहिलं आहे, चूक माही आहे, बापाची नाई. रविवारी गच्ची रिकामी ठेवतो, फोन कर."

मी खाली डोकावलो. जिन्याचं दार लावून ते पायरीवर बसले होते, कोणाला वर सोडत नव्हते. तिथूनच ओरडले, "मास्तर, वीतभर!" मी मनातल्या मनात त्यांना एक शिवी दिली आणि मोबाईल रेघेवर ठेवला.

त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. आता घरात बसल्या जागी रेंज येते. मुलीचा फोन आला की मी अजूनही आधी दार लावून घेतो, आणि मग मोबाईल वीतभर लांब धरून बोलतो.